कादरभाईचे हॉटेल, अब्दुलचे दुकान

दूरचित्रवाणीवरच्या विनोदी मालिकांवर लिहायचे म्हटले की आपल्यातले जाणते लोक नाक मुरडतात. साहित्याच्या अंकात हा विषय कशाला, असा त्यांचा सवाल असतो. पण आमच्या वस्तीत वर्षाकाठी एखादे पुस्तक विकत घेणारी घरे बोटांवर मोजण्याइतकी. टीव्ही नसलेले घर मात्र शोधावे लागते. १९९० साली सोलापुरात पहिले मुस्लिम मराठी साहित्य संमेलन भरले. मराठी कथा-कादंबरीत आम्ही कुठे आहोत, हा प्रश्न आपण तेव्हापासून जाहीरपणे विचारत आलो. तोच प्रश्न आमच्या विद्यार्थ्यांच्या घरात रोज रात्री लागणाऱ्या मालिकेला का विचारू नये?

गेली काही वर्षे जुन्या मालिका परत आणण्याची लाट आहे. २००४ ची ‘साराभाई वर्सेस साराभाई’ २०१७ मध्ये इंटरनेटवर आली. २००२ ची ‘खिचडी’ २०१८ मध्ये पुन्हा शिजली. त्याच वर्षी १९९४ ची ‘श्रीमान श्रीमती’ नव्या नटसंचात ‘फिर से’ आली. मराठीत ‘दिल दोस्ती दुनियादारी’ (२०१५) नंतर दोनच वर्षांत ‘दिल दोस्ती दोबारा’ आली. मालिका नव्हे तर प्रहसनांचा कार्यक्रम असलेला ‘चला हवा येऊ द्या’सुद्धा २०२४ मध्ये थांबला आणि २०२५ मध्ये नव्या सूत्रसंचालकासह परतला.

यातले किती जमले? आमच्या मते फार थोडे. ‘साराभाई’तली माया सुनेला मध्यमवर्गीय म्हणून टोचते, पण हसू येते ते मायाच्याच तोऱ्याचे. हिणवणाराच हास्यास्पद ठरतो, ही त्या लेखनाची खरी करामत. दुसऱ्या पर्वात नट तेच, ठसकाही तोच. पण टोमण्यांची संख्या वाढली आणि धार कमी झाली. ‘श्रीमान श्रीमती’चे दुखणे निराळे. शेजाऱ्याच्या बायकोवर भाळलेले दोन नवरे हा तिचा मसाला ‘भाभीजी घर पर हैं’ने २०१५ पासूनच दुकानात मांडला होता. त्यामुळे मूळ नाव घेऊन आलेली मालिकाच नक्कल वाटू लागली. २०२० च्या टाळेबंदीत दूरदर्शनने ‘देख भाई देख’ आणि मूळ ‘श्रीमान श्रीमती’ जशाच्या तशा दाखवल्या. त्या जुन्या भागांनी नव्या अवतारांपेक्षा अधिक हसवले, असे आम्हाला वाटते.

याचे कारण केवळ आठवणींचा गोडवा नाही. १९८४ ची ‘ये जो है जिंदगी’ शरद जोशींनी लिहिली, ती आठवड्याला एक भाग या हिशेबाने. एक प्रसंग, अर्धा तास, विषय संपला. २००८ पासून चाललेल्या ‘तारक मेहता का उल्टा चष्मा’चे चार हजारांहून अधिक भाग झाले आहेत. दिशा वकानी २०१७ मध्ये गेल्या आणि त्यांची दया परत येणार या हुलीवर किती रात्री काढल्या गेल्या! रोज पाणी वाढवलेल्या डाळीला कितीही फोडणी दिली तरी चव येत नाही.

‘ये जो है जिंदगी’चे नाव घेतले की शफी इनामदार आठवतात. दापोली तालुक्यातल्या पांगारीचा हा कोकणी मुसलमान. त्यांनी रंजित वर्मा नावाचा नवरा असा उभा केला की सारा देश आपल्या घरातला माणूस म्हणून त्यांच्याकडे पाहू लागला. १९९६ मध्ये ते गेले. तेव्हा कलावंत कोणत्या धर्माचा, ही आमची तक्रार नाही. तक्रार पात्रांची आहे.

१९८६ च्या ‘नुक्कड’मध्ये कादरभाईचे हॉटेल होते. ती भूमिका अवतार गिल यांनी केली, तर मालिकेच्या दिग्दर्शकांत कुंदन शाह यांच्याबरोबर सईद मिर्झा होते. सायकलवाला हरी, दारुडा खोपडी, भिकारी घनशू यांचे सुखदुःख त्या बाकांवर चालायचे. कादरभाई त्या मोहल्ल्याचाच एक माणूस होता. ‘तारक मेहता’मध्ये अब्दुल आहे. शरद सांकला यांनी तो गोड रंगवला आहे. रात्री गोकुळधामचे पुरुष त्याच्याच दुकानावर सोडा प्यायला जमतात. पण सोसायटीत इतरांची घरे आणि अब्दुलचे दुकान, हा फरक डोळ्यांत खुपतो. अब्दुल भला, मदतीला धावणारा, सगळ्यांचा लाडका. आणि नेमकी तीच अडचण आहे. जेठालालला हाव आहे, भिडे मास्तरांना चिकटपणा आहे. भिडे मास्तर पैशापैशाचा हिशेब घालतात तेव्हा आम्ही शिक्षक मंडळी सर्वांत मोठ्याने हसतो, कारण ते आमच्यातले वाटतात. अब्दुलला मात्र लेखकांनी मनापासून हसावे असा एक दोषही दिलेला नाही. विनोदी मालिकेत दोष नसलेला माणूस म्हणजे लग्नघरी आलेला परका पाहुणा: मान मिळतो, थट्टा कोणी करत नाही.

मराठीत तर पाहुणाही नाही. ‘दिल दोस्ती दुनियादारी’च्या सहा मित्रमैत्रिणींत ॲना नावाची ख्रिस्ती मुलगी होती, ही चांगली गोष्ट. मुंबईतल्या त्या घरात एखादा शेख किंवा मुजावर राहायला का येऊ शकला नाही? मालिका नव्याने मांडताना सुटलेली माणसे आत घेण्याची संधी असते. ती कोणी घेतली नाही. पाकिस्तानात २००९ मध्ये सुरू झालेली ‘बुलबुले’ २०१९ मध्ये पुन्हा आली. तिथे सगळेच मुसलमान, म्हणून कोणालाही मुसलमान असल्याचे दाखवत बसावे लागत नाही. मूर्ख माणूस तिथे फक्त मूर्ख असतो. एवढे साधे सुख आम्हाला मराठीत हवे आहे.

याचा परिणाम आम्ही वर्गात पाहतो. स्नेहसंमेलनाच्या नाटुकलीत मुसलमान पात्र आले की आमची उर्दू माध्यमाची मुले एकदम ‘मियाँ’, ‘जनाब’, ‘माशाअल्लाह’ असे लखनवी बोलू लागतात, गळ्यात चौकड्यांचा रुमाल अडकवतात. हीच मुले घरी ‘मेरेकू नक्को’ म्हणतात आणि गल्लीत अस्सल कोल्हापुरी मराठीत भांडतात. स्वतःची भूमिका करायला त्यांना दुसऱ्याचा वेष घ्यावा लागतो! ‘जबान संभाल के’ (१९९३) मध्ये टॉम आल्टर हिंदी शिकताना अडखळणारा इंग्रज झाले होते. प्रत्यक्षात त्यांची उर्दू अशी की पुढे रंगमंचावर त्यांनी मौलाना आझाद उभे केले. त्यांनी अडखळण्याचे सोंग जाणूनबुजून घेतले होते. आमच्या मुलांना आपण सोंग घेतो आहोत, हेच ठाऊक नाही.

नुसते चॅनलवाल्यांना बोल लावून भागणार नाही. आमच्या लेखकांनी दंगल, तलाक, दारिद्र्य यांवर लिहिले आणि ते लिहायलाच हवे होते. पण आमच्या घरातली गंमत कोणी लिहिली? शादीच्या बिर्याणीवरून रुसलेले फुफा, जमातीच्या निवडणुकीतली रस्सीखेच, उर्दू शाळेत मराठी परिपत्रकाचा अर्थ लावत बसलेली शिक्षकांची खोली, हे सगळे डोळ्यांसमोर आहे. कोल्हापुरात तालमीत गणपती बसतो आणि मोहरमला पंजेही बसतात. तिथे वर्गणीवरून होणाऱ्या वादात कोण हिंदू, कोण मुसलमान हे ओळखून दाखवावे! यात मालिकेचे शंभर भाग आहेत, तेही पाणी न वाढवता.

ज्याच्यावर प्रेमाने हसता येते, त्याची भीती वाटत नाही. अब्दुलला दुकानाच्या वर एक खोली द्या, एक कजाग बायको द्या, थोडा कंजूषपणा द्या. आणि हे काम दुसऱ्यांवर सोडू नका, लेखणी आपल्याही हातात आहे.