न प्यालेली कॉफी

स्मारक म्हटलें कीं दगड, कोरलेलीं नांवें आणि उद्घाटनाची तारीख एवढें डोळ्यांपुढें येतें. ज्या स्मारकाचें परीक्षण आज आम्हांस करावयाचें आहे, त्याला दगड नव्हता आणि वर्षांतून एकच दिवस तें अस्तित्वांत येत असे. बोस्नियांतील बान्या लूका येथें जन्मलेल्या व १९९२ च्या युद्धांत परागंदा झालेल्या आइदा शेहोविच या कलाकार बाईंनीं तें २००६ सालीं सारायेव्हो शहरांत प्रथम मांडलें. नांव ‘श्टो ते नेमा’; म्हणजे ‘तूं येथें कां नाहींस?’ याच शब्दांचें एक गीत त्या देशांत फार लोकप्रिय आहे.

रचना सांगावयास दोन वाक्यें पुरेत. ११ जुलैस एखाद्या शहराच्या चौकांत बिनकानाचे लहान पेले जमिनीवर मांडावयाचे, जाणाऱ्या-येणाऱ्यांनीं तेथेंच उकळलेली कॉफी त्यांत ओतावयाची, आणि ती कोणींहि प्यावयाची नाहीं. १९९५ च्या जुलै महिन्यांत स्रेब्रेनित्सा गांवाच्या परिसरांत बोस्नियन सर्ब सैन्यानें आठ हजारांहून अधिक मुसलमान पुरुष व मुलगे ठार मारले. ही कॉफी त्यांच्या वाटणीची. नवऱ्याची उणीव सर्वांत अधिक भासते ती दोघांनीं मिळून कॉफी घेण्याच्या वेळीं, असें तेथील एका विधवेचें बोलणें ऐकून शेहोविचबाईंस ही कल्पना सुचली.

आमच्या वाचकांस येथें पितृपक्षांतलें पान आठवेल. तुलना फार ताणूं नये. पण ज्यांची तिथि ठाऊक नाहीं त्यांच्यासाठीं आपण निदान सर्वपित्री अमावास्या तरी राखून ठेविली आहे. या बायकांपैकीं कित्येकींस आपला माणूस मेला असें म्हणावयाचीहि वर्षानुवर्षें सोय नव्हती.

‘हृदयस्पर्शी’ एवढें म्हणून अशा कृतीची बोळवण करणें सोपें आहे. आम्हांस तो तिचा सर्वांत दुय्यम गुण वाटतो. तिचें मर्म कळावयास इन्कार करणारांची रीत पाहिली पाहिजे. स्रेब्रेनित्स्याच्या संहाराचा इन्कार मागाहून कोणा लेखकानें शोधून काढला असें नाहीं. तो मारेकऱ्यांनीं स्वतःच आरंभिला. त्याच वर्षीं पहिले खड्डे पुन्हा उकरण्यांत आले आणि प्रेतें यंत्रांनीं उपसून दूरच्या दुसऱ्या खड्ड्यांत नेऊन टाकण्यांत आलीं. त्यामुळें एकाच माणसाचीं हाडें दोन दोन, तीन तीन ठिकाणीं सांपडलीं. सांपडलीं तेवढींच पुरावीं, कीं उरलेल्यांची वाट पाहावी, हा निर्णय पुढें त्याच्या आईनें करावयाचा! युगोस्लाव्हियासाठीं नेमलेल्या आंतरराष्ट्रीय न्यायाधिकरणानें २००४ सालीं अपिलांत व आंतरराष्ट्रीय न्यायालयानें २००७ सालीं हा वंशसंहार होता असा निवाडा दिला. तरीहि हें गांव ज्या सर्ब प्रजासत्ताक विभागांत मोडतें, त्याच्या विधिमंडळानें, या हत्यांची कबुली देणारा आपल्याच सरकारचा २००४ चा अहवाल २०१८ सालीं रद्दबातल ठरविला. २०२१ सालीं इन्कार हा कायद्यानें गुन्हा झाला खरा. पण कायदा तोंड बंद करील, मन वळवील असें नाहीं.

इन्कार करणारास आंकड्यांची घासाघीस प्रिय असते. इतके मेले कीं तितके, सैनिक मेले कीं नागरिक, असा वाद त्यानें काढावा आणि शोक करणारानें वकिलासारखे पुरावे मांडीत बसावें, यांतच त्याचा अर्धा जय आहे. ‘श्टो ते नेमा’ हा वाद घालीतच नाहीं. प्रत्येक पेला कोणाच्या तरी घरांतून आलेला असतो. पहिले पेले जमविण्यास तूझ्ला येथील ‘स्रेब्रेनित्स्याच्या स्त्रिया’ या संस्थेनें हात दिला. पुढें देशोदेशीं विखुरलेल्या बोस्नियन कुटुंबांनीं भर घातली. याच तूझ्ल्याच्या बायका हरवलेल्यांचीं नांवें उशांच्या अभ्र्यांवर भरून, ते अभ्रे जोडून, दर महिन्याच्या ११ तारखेस रस्त्यावर मूक उभ्या राहत आल्या आहेत. शेहोविचबाईंच्या कृतीचा जीव या जमविण्यांत, वाहण्यांत, मांडण्यांत आहे. चौकांत दिसतो तो त्याचा शेवटचा प्रहर.

म्हणूनच एक दोष दाखविणें प्राप्त आहे. हें स्मारक हेगला गेलें, इस्तंबूलला गेलें, जिनीव्हा व व्हेनिस येथें गेलें. पेले वाढत गेले तशी उंचावरून घेतलेल्या छायाचित्रांत त्यांची सुरेख नक्षी दिसूं लागली, आणि नक्षी पाहतांना पेला दिसेनासा होतो. शिवाय व्हेनिसच्या चौकांत कॉफी ओतणारास कोणाचा रोष पत्करावा लागत नाहीं.

याच्या शेजारीं प्रियेदोर या गांवची गोष्ट ठेवावी. १९९२ च्या ३१ मे रोजीं तेथील सर्ब अधिकाऱ्यांनीं बिगर-सर्ब रहिवाशांस घरांवर पांढरी चादर लावण्याचा व दंडावर पांढरी पट्टी बांधण्याचा हुकूम सोडला. त्या तालुक्यांत पुढें तीन हजारांहून अधिक माणसें मारलीं गेलीं. २०१२ च्या मे महिन्यांत एक तरुण तीच पट्टी बांधून गांवच्या चौकांत एकटा उभा राहिला. तेव्हांपासून दरवर्षीं ३१ मेस लोक ती बांधतात, आणि मारल्या गेलेल्या १०२ मुलांसाठीं एक स्मारक मागतात. नगरसभेनें वर्षानुवर्षें दाद दिली नाहीं. कलादृष्ट्या ही पट्टी पेल्याहून दरिद्री आहे. तींत रचना नाहीं, लय नाहीं. परंतु ती बांधणारास दुसऱ्या दिवशीं त्याच वाण्याकडे मीठ आणावयास जावयाचें असतें, आणि बांधणारांत कांहीं सर्ब शेजारीहि असतात. ज्यास सांगावयाचें त्याच्या दारांत जाऊन सांगणें ही अंगची धमक पेल्यांच्या प्रवासांत पुष्कळ वर्षें नव्हती.

ती २०२० सालीं आली. मृतांच्या संख्येइतके पेले जमले तेव्हां, संहाराच्या पंचविसाव्या वर्षीं, शेहोविचबाईंनीं ते स्रेब्रेनित्स्याजवळच्या पोतोचारी येथील दफनभूमीपाशीं नेले आणि वार्षिक प्रवास तेथें थांबविला. साथीचें वर्ष असल्यामुळें फार लोकांस जातां आलें नाहीं. आमच्या मतें कृतीचें त्यांत नुकसान झालें नाहीं. मात्र संख्या गांठल्यावर थांबण्याचा निर्णय आम्हांस पुरता पटलेला नाहीं. तेथील शिळेवर ८३७२ हा आंकडा कोरला आहे आणि त्यापुढें तीन टिंबें आहेत, कारण मोजणी अद्याप पुरी व्हावयाची आहे.