निरीक्षकाने सांगितलेला विनोद

१९६४ साली न्यूयॉर्कच्या एका न्यायालयात एका परवाना निरीक्षकाने लेनी ब्रूसचा कार्यक्रम करून दाखवला. ग्रीनिच व्हिलेजमधल्या ‘कॅफे ओ गो गो’मध्ये बसून त्याने टिपणं काढली होती आणि त्यांच्या आधारे तो साक्षीदार म्हणून एकेक तुकडा सांगत गेला. ब्रूस आरोपी म्हणून ऐकत होता. त्याची तक्रार अशी होती, की हा माणूस माझा कार्यक्रम वाईट करतो आहे आणि त्याच्या वाईट सादरीकरणाची शिक्षा मी भोगणार आहे. मला स्वतःला तो न्यायालयासमोर करू द्या, अशी विनंती त्याने केली. ती मान्य झाली नाही.

अनुवादाचं काम करणाऱ्या माणसाला हा प्रसंग फार ओळखीचा वाटतो. निरीक्षकाने शब्द बहुधा बरोबर टिपले असतील, पण ते कोणत्या सुरात आले, कोणाच्या तोंडी घातले होते, कुठे थांबून लोकांना हसू दिलं होतं, हे टिपणात उतरत नाही. अश्लीलतेचे खटले मुळात अशा सारांशांवर चालतात. अश्लीलतेवरच्या आपल्या चर्चाही.

ब्रूस आता फारसा ऐकला जात नाही, म्हणून थोडी माहिती. जन्म १३ ऑक्टोबर १९२५, न्यूयॉर्कजवळच्या लाँग आयलंडवर, ज्यू कुटुंबात. दुसऱ्या महायुद्धात नौदलात नोकरी, मग नाइटक्लब. बायको-सासूवरचे ठरीव चुटके ऐकवणाऱ्यांच्या गर्दीत तो जाझ वादकासारखा बोलू लागला. एक विषय धरायचा, भरकटायचं, पुन्हा समेवर यायचं. धर्मसंस्था, वंशद्वेष, लैंगिक संबंध, कायदा, काहीच वर्ज्य नव्हतं. १९६१पासून अटका सुरू झाल्या. सॅन फ्रान्सिस्को, लॉस एंजलिस, शिकागो, न्यूयॉर्क. १९६३मध्ये ब्रिटनने त्याला देशात येऊ दिलं नाही. नोव्हेंबर १९६४मध्ये न्यूयॉर्कच्या न्यायालयाने त्याला दोषी ठरवलं आणि डिसेंबरात चार महिन्यांची शिक्षा सुनावली. क्लबमालक त्याला बोलवायला घाबरू लागले. जे थोडे कार्यक्रम झाले, त्यांत तो आपल्याच खटल्यांची कागदपत्रं वाचून दाखवू लागला. ३ ऑगस्ट १९६६ रोजी, अपिलाचा निकाल लागण्याआधी, मॉर्फिनच्या अतिसेवनाने तो गेला. वय चाळीस. २००३च्या डिसेंबरात न्यूयॉर्कच्या गव्हर्नरांनी त्याला माफी दिली. त्या राज्याच्या इतिहासातली ती पहिली मरणोत्तर माफी.

२०२५मध्ये त्याची जन्मशताब्दी झाली. त्याचं नाव निघालं की ‘अभिव्यक्तिस्वातंत्र्याचा हुतात्मा’ हे बिरूद सोबत येतं आणि ते खोटं नाही. मात्र त्या बिरुदाखाली दोन प्रश्न एक होऊन जातात. ब्रूसला शिक्षा व्हायला हवी होती का? माझं उत्तर स्वच्छ ‘नाही’ असं आहे. त्याचा अश्लील विनोद कसा होता? हा प्रश्न समीक्षेचा आहे, आणि पहिल्याचं उत्तर दिलं की दुसऱ्यातून सुटका होते असा आपला समज दिसतो.

आधी शब्दांकडे पाहू. इंग्रजीतल्या ‘व्हल्गर’च्या मुळाशी सामान्य जनता आहे आणि आपल्या ‘ग्राम्य’च्या मुळाशी गाव. दोन्ही शब्द शरीराबद्दल काही बोलत नाहीत, बोलणाऱ्याची पायरी दाखवतात. ‘अश्लील’चं तसं नाही. मम्मटाने ‘काव्यप्रकाशा’त अश्लीलतेचे तीन प्रकार मानले आहेत : लाज आणणारं, किळस आणणारं आणि अमंगल सुचवणारं. ‘ग्राम्य’ हा त्याने वेगळा दोष धरला. आणि आजच्या वादांत कोणाला आठवत नाही अशी गोष्ट त्याने पुढे सांगितली, की दोष हे कायमचे दोष नसतात. हलक्या पात्राच्या, विदूषकाच्या तोंडी ग्राम्यता गुण ठरते. कोण बोलतं आणि कुठे, यावर सगळं अवलंबून.

आधुनिक कायद्याने एवढीही सवड ठेवली नाही. १८६८च्या इंग्लंडमधल्या हिक्लिन खटल्यातली कसोटी अशी, की मजकूर ज्यांच्या हाती पडू शकतो त्यांचं मन बिघडवण्याची प्रवृत्ती त्यात आहे का ते पाहायचं. ज्या वर्षी ब्रूस दोषी ठरला त्याच १९६४मध्ये आपल्या सर्वोच्च न्यायालयाने हीच कसोटी स्वीकारून ‘लेडी चॅटर्लीज लव्हर’ विकल्याबद्दल मुंबईच्या एका पुस्तकविक्रेत्याची शिक्षा कायम केली. अमेरिकेने ती कसोटी १९५७मध्येच मागे टाकली होती. तरी ब्रूस सुटला नाही, म्हणजे कसोटी उदार झाल्याने भागतंच असं नाही.

मम्मटाची लाज-किळस आणि हिक्लिनचं बिघडणारं मन, दोन्हींच्या केंद्रस्थानी ऐकणारा आहे. विनोदात आणखी एक माणूस असतो, ज्याच्यावर विनोद होतो तो. अश्लीलतेच्या चर्चेत त्याला जागाच नाही. माझा मुद्दा एवढाच आहे. त्याला जागा दिली की ब्रूसचे कोणते विनोद टिकले आणि कोणते शिळे झाले हे दिसू लागतं.

१९६१ची सॅन फ्रान्सिस्कोची अटक घ्या. एका क्लबमध्ये काम मिळालं तेव्हा तिथे कसले लोक येतात याबद्दल एजंटाशी झालेलं बोलणं ब्रूस ऐकवत होता. त्यात समलिंगी पुरुषांना उद्देशून वापरली जाणारी दहा अक्षरी इंग्रजी शिवी आली. पोलिसांना त्यात लैंगिक क्रिया दिसली, म्हणून गुन्हा. ज्यूरीने पुढे त्याला सोडलं. आज तो तुकडा ऐकताना क्रियेचं काहीच वाटत नाही. खटकते ती त्या शब्दातली तुच्छता, आणि ती पोलीस, सरकारी वकील, बचावाचे वकील यांच्यापैकी कोणाच्याही दृष्टीने वादाचा विषय नव्हती. लाजेचा हिशेब चोख ठेवला गेला आणि अपमानाचं खातंच उघडलं गेलं नाही.

पुढच्या वर्षी लॉस एंजलिसमध्ये आक्षेप आला तो एका यिडिश शब्दावर. त्याचा मूळ अर्थ पुरुषाचं इंद्रिय आणि रोजच्या वापरातला अर्थ मूर्ख माणूस. तो पकडायला यिडिश कळणारा अधिकारी लागला. मी तो मराठीत आणायला बसले तर ‘येडझवा’ लिहीन. मित्राला हा शब्द प्रेमाने वापरणाऱ्याच्या मनात त्याची फोड कधी येते? ती येते फिर्याद लिहिणाऱ्याच्या मनात. अश्लीलता शोधणारा माणूस शब्दकोशातून वाचतो, बोलीतून नाही.

अश्लील विनोद म्हटल्यावर मराठी वाचकाला दादा कोंडके आठवणार. ही तुलना इथे उपयोगी आहे, कारण दोघांची रीत उलटी आहे. द्व्यर्थी विनोदात बोलणारा भाबडा राहतो आणि वाईट अर्थ ऐकणाऱ्याच्या डोक्यात उगवतो. ‘मी कुठे काय म्हणालो?’ ही पळवाट त्या विनोदाचा कणा आहे आणि सोंगाड्याच्या परंपरेत ती कलेच्या पातळीवर गेलेली आहे. ब्रूसने पळवाट ठेवली नाही. शब्द उघडा म्हणायचा आणि मग लोक का दचकले याचा तपास करायचा. कोंडक्यांचा प्रेक्षक स्वतःच्या चावटपणावर हसतो. ब्रूसच्या प्रेक्षकाला आपल्या दचकण्याचं कारण द्यावं लागतं.

या तपासाची परीक्षा पाहणारा त्याचा सर्वांत प्रसिद्ध तुकडा वंशवाचक शिव्यांचा आहे. समोर बसलेल्या प्रेक्षकांत काळे किती, ज्यू किती, इटालियन, आयरिश, पोलिश किती, हे तो त्यांच्या-त्यांच्या हेटाळणीच्या नावांनी मोजत जातो आणि मोजणीला लिलावाचा वेग येतो. मग तो प्रतिपादन करतो, की दाबून ठेवल्यामुळे शब्दाला धार येते. राष्ट्राध्यक्षांपासून सगळ्यांनी तो रोज उच्चारला, तर त्या शब्दामुळे कुठलंही काळं मूल शाळेतून रडत घरी येणार नाही.

हा तुकडा मराठीत कसा करायचा, यावर मी बराच काळ अडले आहे. अडचण शब्द शोधण्याची नाही, जातिवाचक शिव्यांचा आपल्याकडे तुटवडा नाही. अडचण त्या प्रतिपादनात आहे. आपल्याकडे हे शब्द दाबलेले कधी होते? चावडीवर, पाणवठ्यावर, शाळेच्या वर्गात ते राजरोस, पिढ्यानपिढ्या उच्चारले गेले. रोजच्या वापराने ते बोथट झाले असते, तर केव्हाच झाले असते. जिथे उघड उच्चार हीच हिंसा आहे, तिथे आणखी उच्चाराने ती कशी संपेल? ब्रूसच्या सिद्धांताला अनुवादात तडा जातो, आणि मूळ तुकडा पुन्हा ऐकला की तो तडा तिथेही होता हे लक्षात येतं. अमेरिकेच्या दक्षिण भागात तो शब्द कोणी दाबून ठेवला होता? रिचर्ड प्रायर हा कृष्णवर्णीय विनोदकार तो शब्द वर्षानुवर्षं रंगमंचावर वापरत असे. १९७९च्या आफ्रिकेच्या प्रवासानंतर त्याने तो सोडला.

मराठीत शिव्यांना वेगळं वजन आलं ते नामदेव ढसाळांच्या ‘गोलपिठा’ने, १९७२ साली. तिथे शब्द बोथट झाले नाहीत, उलटे फिरले. आजवर ज्यांच्यावर ते फेकले जात होते, त्या वस्तीतून ते बाहेर फेकले गेले. फरक उच्चारांच्या संख्येने पडला नाही, बोलणारा बदलल्याने पडला.

न्यूयॉर्कच्या खटल्यातले दोन तुकडे शेजारी ठेवले की हे आणखी स्पष्ट होतं. एक जॅकी केनेडींवरचा. गोळी लागल्यावर त्या मोटारीच्या मागच्या बाजूला सरकल्या, त्या मदत आणायला, असं छायाचित्रांसोबत छापून आलं. ब्रूस अगदी गावंढळ शब्दांत म्हणाला, की ती बाई जीव वाचवायला पळत होती. हत्येला वर्षही झालं नव्हतं, लोकांना हे निर्घृण वाटलं. पण त्याचं पुढचं म्हणणं असं होतं, की ही खोटी वीरकथा ऐकून वाढलेली एखादी मुलगी उद्या तशाच प्रसंगी पळाली, तर ती आयुष्यभर स्वतःला अपराधी मानेल. शब्द ओंगळ आहेत. त्यांचा नेम एका विधवेवर नसून पळण्याचा हक्क बाईला नाकारणाऱ्या दंतकथेवर आहे. दुसरा तुकडा एलिनॉर रूझवेल्ट यांच्या स्तनांवरचा. त्यात एका कर्तबगार, दिवंगत बाईचं शरीर मध्येच आणून उभं केलं आहे आणि लोकांना दचकवलं आहे. दचकण्यापलीकडे मला तिथे काही सापडत नाही. पहिला तुकडा मला आवश्यक वाटतो, दुसरा स्वस्त.

हे तेव्हा कोणी म्हणू शकत नव्हतं. ब्रूसच्या बाजूने लिहिलेल्या निवेदनावर जेम्स बाल्डविन, लायनेल ट्रिलिंग, सुझन सोंटॅग अशांच्या सह्या होत्या. त्याला स्विफ्ट आणि राबले यांच्या परंपरेत बसवलं गेलं. कोर्टाला ‘साहित्यमूल्य’ दाखवायचं असेल तर तेच करायला हवं होतं. मात्र खटल्यात बचाव सगळ्याचा करावा लागतो. हा तुकडा थोर आणि तो फालतू, असं साक्षीदाराला म्हणता येत नाही. त्यामुळे खटला भरला की समीक्षा थांबते. शिक्षेइतकंच हेही नुकसान आहे.

आपण सध्या त्याच जागी आहोत. फेब्रुवारी २०२५मध्ये यूट्यूबवरच्या एका विनोदी कार्यक्रमात आई-वडिलांच्या शरीरसंबंधावरून विचारलेल्या प्रश्नावर देशभर गदारोळ झाला, गुन्हे नोंदले गेले. तो प्रश्न लाजेचा होता, म्हणून सगळ्यांना तो लगेच कळला. काही विनोदकारांनी अपंग आणि दुर्धर आजार असलेल्या माणसांची टवाळी केली, ती बाब मात्र स्पायनल मस्क्युलर अॅट्रोफीच्या रुग्णांसाठी काम करणाऱ्या एका संस्थेला सर्वोच्च न्यायालयात न्यावी लागली. ऑगस्ट २०२५मध्ये न्यायालयाने त्या विनोदकारांना जाहीर माफी मागायला सांगितलं. ज्याच्यावर विनोद झाला तो माणूस अखेर चर्चेत आला, याचं मला समाधान आहे. त्याला यायला न्यायालयाचंच दार मिळावं, याचं नाही. आज जे दार टवाळी झालेल्यांसाठी उघडलं, तेच उद्या दुखावलेल्या सत्ताधाऱ्यांसाठी उघडेल. ब्रूसच्या धर्मसंस्थांवरच्या तुकड्यांचं काय झालं असतं, याचा विचार करावा.

म्हणून हे काम आपलं आहे, लिहिणाऱ्या-वाचणाऱ्यांचं. एखाद्या विनोदाला ‘घाण’ म्हणून थांबू नये आणि ‘स्वातंत्र्य’ म्हणूनही थांबू नये. तो पूर्ण ऐकावा, त्याच्या भाषेत ऐकावा, आणि त्यातून कोणाची पायरी ढळली आणि कोण तुडवलं गेलं ते नाव घेऊन सांगावं. आपण ते सांगितलं नाही, तर कोणीतरी वही घेऊन मागच्या रांगेत बसलेला असतोच.