धावणारे अण्णा

आमच्या अण्णांना धावताना पाहिलेला माणूस अख्ख्या नाशकात सापडायचा नाही. बस डोळ्यांदेखत सुटली तरी "दुसरी येईल" म्हणत ते वाकून वहाणेचा अंगठा नीट करीत बसायचे. अशा माणसाला गेल्या दिवाळीत मी रामकुंडाच्या पायऱ्या तुरुतुरु उतरताना पाहिलं. तेही आमच्याच बैठकीच्या खोलीत, आणि ते जाऊन एकोणतीस वर्षं झाल्यावर!

त्याचं असं झालं. १९७४ साली माझ्या मुंजीला नैरोबीचे काका आले ते सुपर-८ कॅमेरा गळ्यात अडकवून. पन्नास फुटांचं एक रीळ त्यांनी आमच्यावर खर्ची घातलं. पुढे ते बिस्किटांच्या डब्यात निजून राहिलं. भाच्याने ते दुकानातून एकेक चित्र स्कॅन करून आणलं आणि घरगुती प्रीमियर जाहीर केला. "मामा, फुटेज इंपोर्ट केलं, कन्व्हर्ट केलं. आता फक्त बघायचं!" इंपोर्ट म्हटलं की माझ्यासारख्याला अजून जपानी घड्याळच आठवतं. पण ते असो.

आता परीक्षण. छायाचित्रण बरं आहे. काकांचा हात थरथरतो, पण रंग अजून ताजे आहेत. अभिनयाचं मात्र काही खरं नाही. सगळ्या पात्रांना जणू शेवटची गाडी गाठायची आहे. भटजी तुपाची पळी डास मारल्यासारखी मारतात. मातृभोजन अकरा सेकंदांत आटोपतं. जन्मभर काटकुळे असलेले अण्णा चांगले ऐसपैस दिसतात, धावत येतात, मध्येच पायाला विंचू चावल्यासारखे वाकतात आणि पुन्हा धावतात. पोरं हसून लोळली. मीही हसलो, खोटं कशाला बोलू? फक्त आई हसली नाही. "हे कोण रे?" तिने विचारलं.

त्या प्रश्नाने माझी झोप गेली. दुसऱ्या दिवशी भाच्याला धरून बसवलं. गुन्हेगार तासाभरात सापडला. काकांचा कॅमेरा सेकंदाला १८ चित्रं घेणारा. भाच्याच्या कॉम्प्युटरचा हिशेब टीव्हीचा, म्हणजे सेकंदाला २५. यंत्राने काही न विचारता १८ ची मापं २५ ने मोजली. तीन मिनिटं वीस सेकंदांचं रीळ दोन मिनिटं चोवीस सेकंदांत संपलं! वर चौकोनी चित्र रुंद पडद्यावर ताणलं, त्यामुळे अण्णा एक तृतीयांशाने सुटले. स्कॅन करणाऱ्याने एकही चित्र गाळलं नव्हतं. सगळे अण्णा हजर होते; फक्त त्यांची चाल गेली होती.

आणि भाच्याला तरी काय बोलायचं? आपण नाशिककरांनी दादासाहेब फाळक्यांचं तेच केलं. त्र्यंबकेश्वरला जन्मलेल्या, नाशकात स्टुडिओ थाटलेल्या आणि १९४४ साली इथेच वारलेल्या या माणसाचा अभिमान आपल्याला फार. १९१२ साली त्यांनी लंडनहून विल्यम्सन कॅमेरा आणला. हा खरा इंपोर्ट! कॅमेरा हाताने फिरवायचा, सेकंदाला सोळाएक चित्रं. पुढे बोलपट आले आणि २४ चा नियम झाला. 'राजा हरिश्चंद्र' ची लांबी सुमारे ३७०० फूट, फुटात सोळा चित्रं. सोळाच्या चालीने चित्रपट तासाभराचा होतो, चोवीसच्या चालीने एकेचाळीस मिनिटांचा. हरिश्चंद्राचं राज्य विश्वामित्राने घेतलं. वीस मिनिटं आपण घेतली. आणि वर म्हणतो, "जुने नट कसे माकडासारखे उड्या मारत!" मूकपटांवरची निम्मी टीका ही नटांवरची नसून मोटारीवरची आहे, असं माझं आता स्पष्ट मत झालंय.

उपाय हास्यास्पद सोपा निघाला. वेगाच्या रकान्यात १०० होते तिथे ७२ लिहायचे. चित्र पुन्हा चौकोनी करायचं, दोन्ही बाजूंना काळ्या पट्ट्या येऊ द्यायच्या. भाचा कुरकुरला, "मामा, स्क्रीन वाया जातो." म्हटलं, जाऊ दे.

संध्याकाळी आईला पुन्हा टीव्हीसमोर बसवलं. भटजी शांतपणे तूप सोडू लागले. माझी मुंज विधिवत पार पडली. मग रामकुंडाच्या वरच्या पायरीवर अण्णा आले. काटकुळे, एका हातात धोतराचा सोगा.

"थांब," आई म्हणाली, "आता अंगठा नीट करतील."

अण्णा वाकले. सावकाश, चांगले पाच-सहा सेकंद.