गिळलेले क्रियापद : तंजावरची मराठी नाटके आणि रंगभूमीवरील श्राव्यता

नटाचे बोलणे शेवटच्या रांगेपर्यंत पोहोचत नाही, ही मराठी प्रेक्षकाची जुनी तक्रार आहे. तिची मीमांसा बहुधा नटाच्या आळसापाशी किंवा नाट्यगृहाच्या सदोष बांधणीपाशी थांबते. तथापि पुटपुटण्याने नेमके काय हरवते हे भाषेची घडण ठरवते, आणि त्या हानीची भरपाई होते की नाही हे नाट्यप्रकार ठरवतो. हा दुसरा मुद्दा समजून घेण्यास तंजावरची मराठी नाटके विशेष उपयुक्त आहेत.

मराठी वाक्यात क्रियापद सामान्यतः शेवटी येते. काळाची आणि बहुधा लिंग, वचन, पुरुष यांचीही खूण तेथेच असते. नकारही तेथेच असतो. 'मी तुला ओळखत नाही' या वाक्यातील अखेरचा शब्द विरला, तर उरते ते अर्धे वाक्य नव्हे. नकाराऐवजी होकाराचाच भास उरतो. नटाचा श्वास संपत येतो तोही नेमका याच जागी. म्हणून मराठीत वाक्याचा शेवट गिळणे हा केवळ उच्चारदोष राहत नाही. तो अर्थाचा घात ठरतो.

शाहराज भोसले (कारकीर्द १६८४ ते १७१२) यांच्या दरबारी मराठी नाटके रचली गेली, तेव्हा भोवताली तमिळ आणि तेलुगू भाषकांचा समाज होता. शाहराजांच्या 'पंचभाषाविलास' या नाटकात तर मराठीसह पाच भाषा नांदतात. अशा सभेत प्रत्येक शब्द प्रत्येकाला कळेल, अशी अपेक्षाच संभवत नव्हती. 'लक्ष्मीनारायण कल्याण'सारख्या नाटकांच्या परंपरेत सूत्रधार कथासूत्र सांगतो, पात्राचा प्रवेश 'दरू' या गीतातून वर्णिला जातो आणि त्यानंतर गद्य संवाद येतो. आशय असा एकाहून अधिक वाटांनी पोहोचत असल्याने एखादे वाक्य निसटले तरी प्रसंग निसटत नाही. ही योजना श्राव्यतेसाठीच झाली असे म्हणणे धाडसाचे होईल; तो संगीत-नृत्यपरंपरेचा वारसा आहे. परिणाम मात्र प्रेक्षकाच्या हिताचा झाला. तंजावरजवळील मेलत्तूरच्या तेलुगू भागवतमेळ्यात आरंभी कोणंगी हा विदूषक येऊन प्रेक्षकांना शांत राहावयास सांगतो. ऐकू येण्याची जबाबदारी तेथे उभयपक्षी मानलेली दिसते.

नाट्यशास्त्राचीही दृष्टी अशीच व्यापक आहे. मंडप प्रमाणाबाहेर मोठा झाला तर पाठ्य विस्वर होते, म्हणून भरताने ६४ हात लांब व ३२ हात रुंद मंडप मर्त्यांसाठी योग्य मानला. सिद्धीच्या विवेचनात त्याने प्रेक्षकांचे स्मित, हास्य, साधुकार आणि रोमांच नोंदवले, तसेच प्रयोगाचे 'घात'ही सांगितले. प्रेक्षकाचा प्रतिसाद त्याच्या लेखी प्रयोगाचाच भाग आहे.

मराठी रंगभूमीवर १९३३च्या 'आंधळ्यांची शाळा'नंतर वास्तवदर्शी संवादाला प्रतिष्ठा मिळाली. पदे ओसरली, सूत्रधार गेला आणि पुनरुक्ती हा दोष ठरला. हे आवश्यकच होते. परंतु त्याबरोबर भरपाईची जुनी व्यवस्थाही गेली. आता सारा भार एकदाच उच्चारल्या जाणाऱ्या वाक्यावर आला, आणि त्याच वेळी घरगुती, खालच्या पट्टीतील बोलणे हा अभिनयाचा गुण मानला जाऊ लागला. या विसंगतीची किंमत प्रेक्षक मोजतो. पूर्वी 'वन्समोअर'ने दाद देणारा प्रेक्षक आता शेजाऱ्याला 'काय म्हणाला?' असे विचारतो, आणि तेवढ्यात पुढचे वाक्यही हुकते.

हळू बोलणे आणि अस्पष्ट बोलणे यांत भेद केलाच पाहिजे. विजय तेंडुलकरांच्या 'शांतता! कोर्ट चालू आहे' (१९६७) या नाटकात बेणारेच्या अखेरच्या स्वगताच्या वेळी इतर पात्रे निश्चल होतात. रंगमंचावरील न्यायालय जे ऐकत नाही, ते प्रेक्षकाने ऐकावे, यावरच तो प्रसंग उभा आहे. तेथे आवाज कितीही खाली गेला तरी चालेल. क्रियापद हरवून चालणार नाही.

तंजावरची योजना आज जशीच्या तशी परत आणता येणार नाही. परंतु प्रेक्षकाला सर्व ऐकू येईलच असे त्या नाटकांनी गृहीत धरले नाही. आधुनिक प्रयोग ते गृहीत धरतो. ते गृहीतक खरे करून दाखवणे हे आता नटाचे काम आहे, आणि त्याचा आरंभ वाक्याच्या अखेरच्या अक्षरापासून होतो.