सवलतीचा परवाना आणि नकाशाची मालकी
विद्यापीठांना अल्प दरात मिळणारा नकाशा-सॉफ्टवेअरचा परवाना हे औदार्य मानले जाते. वस्तुतः ती सवयीची पेरणी होय. एस्रीच्या आर्कजीआयएसचा शैक्षणिक परवाना अध्यापन व अव्यावसायिक संशोधनापुरताच असतो. विद्यार्थ्याचा हक्क पदवीबरोबर संपतो, हात मात्र त्याच साधनाला सरावलेला राहतो. १९९८ मध्ये एस्रीने शेपफाइलचे तांत्रिक स्वरूप प्रसिद्ध केल्याने नद्या, गावे, सीमा यांची माहिती अन्यत्र उघडते. पण आर्कमॅपमधील संपूर्ण मांडणी ज्या एमएक्सडी फाइलमध्ये असते, तिचे स्वरूप कंपनीने खुले केलेले नाही. आर्कमॅपचे साहाय्य १ मार्च २०२६ पर्यंतच राहील, असे तिने जाहीर केले. प्रबंधांतील जुने नकाशे मग कोणाचे? गॅरी शर्मन यांनी २००२ मध्ये आरंभिलेले क्यूजीआयएस मुक्त असून त्याची प्रकल्प-फाइल एक्सएमएल स्वरूपाची असते. परीक्षकाला ती विनापरवाना तपासता येते.