ताराबाईंचे वाचन

ताराबाई शिंदे यांच्या ‘स्त्रीपुरुषतुलना’ला आपण निबंध म्हणतो, फार तर कैफियत. मला ती खरीखुरी समीक्षा वाटते. सुरतेच्या विजयालक्ष्मी या विधवेला १८८१ मध्ये बालहत्येबद्दल फाशीची शिक्षा झाली (ती पुढे सौम्य झाली), आणि वर्तमानपत्राने साऱ्या स्त्रीजातीवर तोंडसुख घेतले. बुलढाण्याच्या या बाईंनी १८८२ मध्ये उत्तर छापले. आणि त्याच तडाख्यात ‘मुक्तामाला’, ‘मंजुघोषा’ या लोकप्रिय कादंबऱ्यांनाही जाब विचारला. कोर्टातली विधवा आणि कादंबरीतली नायिका, दोघींविषयी पुरुषच लिहितो, हे त्यांनी नेमके हेरले. मांडणी विस्कळीत आहे, भाषा बोचरी. पण आमच्या गुळगुळीत परीक्षणांपेक्षा ती केव्हाही बरी! जोतीरावांनी ‘सत्सार’मध्ये त्यांची बाजू घेतली. त्याच सुमारास आमच्या डिंगोऱ्याजवळच्या ओतुरात सत्यशोधकांनी भटजीवाचून लग्ने लावली. मांडवातला भटजी गेला, कादंबरीतली नायिका मात्र पुष्कळ दिवस तशीच राहिली. स. गं. मालशे यांनी १९७५ मध्ये पुन्हा उजेडात आणलेले हे पुस्तक यंदा फराळाच्या ताटाशेजारी ठेवावे. मुली वाचतीलच, जावईबापूंनी जरा सावरून बसावे.