गॉडझिला: पडद्यावरचा आणि गाण्यातला

रॉक संगीत म्हटले की आपल्यापैकी अनेकांच्या कपाळाला आठी पडते. तरीही ‘ब्लू ऑयस्टर कल्ट’ या न्यूयॉर्ककडील वाद्यवृंदाचे ‘गॉडझिला’ हे गीत एकदा शांतपणे ऐकावे, अशी आमची वाचकांस विनंती आहे. डोनाल्ड रोझर यांनी रचलेले हे गीत १९७७ साली ‘स्पेक्टर्स’ या ध्वनिमुद्रिकेतून आले.

गीताचा सारा जीव त्याच्या गिटारीत आहे. मोजकेच सूर, जड आणि संथ, पुनःपुन्हा येणारे. एखादे अजस्र धूड एकेक पाऊल टाकीत यावे तसे. विजेच्या तारा तोडणारा, बस उचलून भिरकावणारा राक्षस आणि भुयारी रेल्वेत अडकलेली माणसे, हे सारे मिस्कीलपणे सांगितले आहे. ऐकणारा भीत नाही, ठेका धरतो. त्या विनोदाला आमची हरकत नाही. मध्येच एक जपानी आवाज बातमी सांगावी तसा बोलून जातो, तेव्हा मात्र आम्ही चपापलो.

कारण मूळ कथा हसण्याची नव्हती. १ मार्च १९५४ रोजी अमेरिकेने बिकिनी बेटांवर हायड्रोजन बॉम्बची चाचणी केली. त्याची किरणोत्सर्गी राख मासेमारीस निघालेल्या एका जपानी बोटीवर पडली. २३ खलाशी आजारी पडले. त्यांतील रेडिओ-चालक सप्टेंबरात मरण पावला. नोव्हेंबरात इशिरो होंडा यांचा ‘गोजिरा’ प्रदर्शित झाला. समुद्रात लखलखाट होतो आणि एक बोट बुडते, असा त्याचा आरंभ आहे. आगगाडीतील एक तरुणी नागासाकीतून आपण वाचल्याचे सहज बोलून जाते. आगीने वेढलेली एक आई लेकरांना कवटाळून म्हणते, की आता आपण बाबांकडे जाणार. १९५६ साली अमेरिकेत दाखविलेल्या आवृत्तीत रेमंड बर हा अमेरिकन नट नव्याने घातला गेला आणि अणुबॉम्बचे बरेच संदर्भ गाळले गेले. रोझर यांच्या पिढीने बालपणी पाहिला तो बहुधा हाच गॉडझिला.

गीताच्या अखेरीस विनोद ओसरतो. माणसाच्या मूढपणाचे माप निसर्ग त्याच्या पदरात घालतो, असा विचार तेथे घोळवला आहे. श्रोत्यांना तो फार आवडतो. आमचा आक्षेप नेमका येथेच आहे. निसर्गाने यात काय केले होते? समुद्रतळाशी निजलेल्या प्राण्याला बॉम्बने जागे केले, आणि बॉम्ब माणसाचा होता. निसर्गाच्या नावे बिल फाडले की बॉम्ब करणारा सुटतो. होंडा त्याला सोडत नाहीत. त्यांच्या चित्रपटातील शास्त्रज्ञ सेरिझावा यांच्यापाशी राक्षसाला मारील असे अस्त्र आहे, पण ते जगापुढे आणण्यास ते धजत नाहीत. शाळकरी मुली शांतीची प्रार्थना गातात, ती दूरचित्रवाणीवर ऐकून ते अस्त्र एकदाच वापरायला तयार होतात. त्याआधी सारे कागद जाळतात. मग समुद्रात उतरून राक्षसाला संपवितात आणि आपल्या हवेची नळी स्वतःच कापतात. कारण ती विद्या कागदावर नसली, तरी त्यांच्या डोक्यात होतीच.

गाण्यात सेरिझावा नाहीत. त्या मुलीही नाहीत.